मऊ नको, कडकही नको

"अंगठा वर करा," डॉक्टर म्हणाले.

मी केला. म्हणजे मला वाटलं, मी केला. उजव्या पायाचा अंगठा सरळ वर उभा राहिला आणि डाव्या पायाचा जिथल्या तिथं पडून राहिला. मी पुन्हा जोर लावला. दात आवळले, भुवया वर गेल्या, अंगठा काही गेला नाही.

सोलापूरच्या त्या हाडांच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीकडं धरला आणि जे सांगायचं ते मामंजींना सांगितलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून, होते, त्यामुळं कोणीही काहीही सांगायला लागलं की ते हुकूम ऐकावा तसं ऐकायचे. त्यांच्या शेजारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दारापाशी आमचे हे उभे होते. अंगठा माझा होता, पण त्या खोलीत माझ्याकडं बघून कुणीच बोलत नव्हतं.

"स्लिप्ड डिस्क आहे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी ते समजावलं, आणि तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर घाबरायला होऊ नये म्हणून मीही सांगते. आपल्या पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिला डिस्क म्हणतात. ती जागची सरकली की शेजारून जाणारी नस दाबली जाते. नस कमरेतून पायात उतरते, म्हणून बिघाड कमरेत आणि कळ पोटरीत. या कळेला सायटिका म्हणतात. अंगठा उचलायचं कामही तीच नस करते.

"सहा आठवडे संपूर्ण बेड रेस्ट. फक्त पडून राहायचं. सिंगल बेड करून घ्या, खाली फळी, वर फोमची गादी. मऊ नको, कडकही नको. सहा आठवड्यांनी अंगठा वर आला तर ठीक. नाही आला तर पुण्याला ऑपरेशन. आणि ऑपरेशन करूनही पाय पहिल्यासारखा होईल असं मी लिहून देणार नाही."

मामंजींनी डायरी काढून हे सगळं लिहून घेतलं. 'मऊ नको, कडकही नको' याच्याखाली त्यांनी रेघ ओढली. आमच्या घराच्या डोक्याचा जो पार भुगा झाला, तो त्या रेघेपासून.

मी तुळजापुरात मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि शाळेत मुलींची संख्या एकदम वाढली होती, तरटपट्ट्या मात्र जुन्याच. एका शनिवारी शाळा सुटल्यावर लांबलचक तरटपट्टी गुंडाळून कोपऱ्यात उभी करायला म्हणून मी ती उचलली आणि कमरेत काहीतरी निसटलं. सुतळी तुटावी तेवढाच आवाज मला आतून ऐकू आला. नंतर तीन आठवडे मी शेक, लेप, तेल, सगळं केलं. लंगडत शाळेत जात राहिले. एके दिवशी पायातली चप्पल निसटली आणि मला कळलंच नाही. मागून येणाऱ्या एका मुलीनं ती आणून दिली. तेव्हा मी घाबरले.

ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. फळ्यापाशी चार तास उभं राहता आलं नाही तर कसली शिक्षिका? घरात नोकरी करणारी मी पहिली सून. ती नोकरी मला कुणाच्या मेहेरबानीनं नव्हती मिळाली आणि एका अंगठ्यापायी ती सोडायची माझी तयारी नव्हती.

आमच्याकडं तोवर सिंगल बेड हा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नव्हता. सगळ्यांची अंथरुणं जमिनीवर पडायची आणि सकाळी गुंडाळली जायची. पलंग एकच, मामंजींचा, लोखंडी, नवारीचा. सुताराला बोलावून माझ्यासाठी फळ्यांचा पलंग करून घेतला आणि तो माजघरात ठेवला, कारण तेवढी जागा तिथंच होती. आता आमच्याकडं माजघरात बाज पडते ती बाळंतिणीची. लग्नाला चार वर्षं झाली होती. शेजारणीनं दुसऱ्याच दिवशी वाटीभर आळीव आणून दिले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कितवा?" मी म्हटलं, "मणका." तिला काही कळलं नाही, पण आळीव परत न्यायचे कसे, म्हणून ते ठेवून गेली. मी हसले आणि मग बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडले. वाईट वाटायचं ते वाटलंच.

पलंग तर आला. वर गादी कसली?

आत्याबाईंचं मत असं, की फोम म्हणजे रबर, आणि रबरावर माणसानं झोपायचं असतं हे त्यांनी सात जन्मांत ऐकलं नव्हतं. आधी घरची गादी घालून बघा. म्हणून महबूबचाचांना निरोप गेला. महबूबचाचा आमचे पिंजारी. आमच्या घरातली एकूण एक गादी त्यांनीच पिंजून भरलेली. ते आले, दारातच कापूस पिंजायची धनुकली टेकवून बसले आणि त्यांनी डॉक्टरांचा हुकूम मामंजींच्या तोंडून ऐकला.

"नरम बी नको, सख्त बी नको," चाचा म्हणाले. "मंग कैसी पाहिजे साहेब?"

"तेच तर विचारतोय तुम्हाला," मामंजी म्हणाले.

चाचांनी कापूस ठासून भरला. पहिले दोन दिवस गादी फळीसारखी लागली, तिसऱ्या दिवशी कमरेखालचा कापूस दोन्ही बाजूंना सरकला आणि मधे खळगा पडला. त्या खळग्यात माझी कंबर, आणि खांदे व पाय वर. कळ पोटरीतून टाचेपर्यंत गेली. चाचांना पुन्हा बोलावलं. त्यांनी तळहातानं गादी दाबून पाहिली, मान हलवली आणि एक गोष्ट म्हणाले, जी तेव्हा मी नीट ऐकलीच नाही. "म्या इतकी वर्सं गाद्या भरल्या, साहेब. पन माप हातानंच घेतलं. झोपून कंदी न्हाय पायलं."

मग हे सोलापूरला गेले. आमचे हे अंगानं भरलेले आणि स्वभावानं उदार. दुकानात चार-पाच तऱ्हेचे फोम होते. कुठला घ्यावा कळेना, तेव्हा ह्यांनी प्रत्येकावर बसून पाहिलं आणि जो सगळ्यांत वर-खाली होत होता आणि सगळ्यांत महागही होता तो घेतला. आजारी बायकोसाठी महागातला घेतला, यात त्यांची माया होती. मी त्यांना बोल लावत नाही. निदान आता लावत नाही.

ती गादी घरी आली तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या. सहा इंच जाड, खालच्या बाजूनं सगळी भोकं भोकं, बोट दाबलं की आत जायचं आणि सोडलं की परत वर. प्रत्येकीनं बोट दाबून पाहिलं. आत्याबाईंनी तिचा वास घेतला आणि नाकाला पदर लावला. माझी पाळी शेवटी आली.

मी त्यावर पडले आणि बुडाले. खरंच सांगते, पहिल्या रात्री इतकं सुख वाटलं की मी ह्यांना दुवा दिला. दुसऱ्या दिवशी कूस बदलायला गेले तर बदलता येईना. अंग ज्या खड्ड्यात होतं तिथून ते निघेना. कूस बदलायला हात टेकला तर हातही आत जाई. शिवाय तुळजापूरचा चैत्र. रबर अंगाखाली तापायचं आणि पाठीला घामाची ओल धरायची. यावर उपाय म्हणून आत्याबाईंनी फोमवर घरची सुती गादी घातली. म्हणजे आता फळीवर फोम, फोमवर कापूस, कापसावर मी. मला आढ्याची तुळई हाताला लागेल इतकी उंची झाली होती.

मामंजी म्हणाले, "मऊ झाली ही. डॉक्टरांनी मऊ नको म्हणून सांगितलंय." त्यांनी डायरी उघडून ती रेघ ह्यांना दाखवली. मग मामंजी स्वतः ती गादी घेऊन सोलापूरला गेले, बदलून आणायला. त्यांनी दुकानदाराला सांगितलं की आम्हाला सख्त पाहिजे. त्यानं काथ्याला रबर मारून केलेली एक गादी दाखवली. मामंजींनी ती मुठीनं ठोकून पाहिली. दाराला ठोकल्यासारखा आवाज आला, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

त्या गादीवर मी आठ दिवस काढले. कुशीवर झोपलं की खांदा आणि खुबा ठणकायचा, उताणं झोपलं की कमरेखालून वारं गेलं असतं. आत्याबाई म्हणायच्या, "मऊ न्हाई, म्हंजे चांगलीच असंल." हे म्हणायचे, "पहिलीच बरी होती." शेजारीण म्हणायची, "सरळ जमिनीवर झोप." मला एवढंच कळेना की दुखतंय ते आजारामुळं की गादीमुळं. आणि सगळ्यांचं ऐकता ऐकता माझं स्वतःचं मत काय होतं तेच मला आठवेना. रोज सकाळी डोळे उघडले की आधी मी चादर वर करून पायाकडं बघायची. वर हो, म्हणायची. उजवा व्हायचा.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी तेव्हा गोष्ट म्हणून धरलीच नव्हती.

माजघरातून देवघराकडं वाट होती. न्हाणीघराकडंही तिथूनच वाट. मामंजी दिवसातून कितीतरी वेळा त्या वाटेनं जायचे. सुनेनं सासऱ्यांसमोर आडवं पडून राहायचं नसतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. मामंजीही रीतीचे पक्के. उंबऱ्याच्या अलीकडं थांबून खाकरायचे, म्हणजे मी सावध व्हावं. तो खाकर आला की मी कुशीवर वळायची, कोपरावर भार देऊन उठायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि पाय खाली सोडून बसायची. ते मान खाली घालून निघून जायचे. मग मी पुन्हा पडायची. कधी पडते न पडते तोच ते देवघरातून परत यायचे.

त्या मऊ गादीतून उठताना तर मला पलंगाची कड धरून अंग ओढून काढावं लागे. पण उठले नाही असं एकदाही झालं नाही. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

साडेतीन आठवड्यांनी डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं होतं. हेही तहसिलीतच नोकरीला होते, त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून मामंजी, आत्याबाई आणि मी, असे तिघं एस.टी.नं निघालो. शेवटचं लांब बाक रिकामं होतं. कंडक्टर चांगला माणूस, म्हणाला, "बाई, आडव्या पडा की." मामंजी समोर होते. मी सोलापूरपर्यंत बसून गेले. दांडा धरून धरून हाताला वळ उठले होते.

डॉक्टरांनी पाय सरळ उचलून पाहिला. याला स्ट्रेट लेग रेझिंग म्हणतात. गुडघा न वाकवता पाय किती वर जातो ते बघायचं. माझा पाय वीतभर वर गेला आणि मी ओरडले. मग अंगठा. तो होता तिथंच.

"असं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. "बेड रेस्ट घेताय ना? दिवसातून किती वेळा उठता?"

त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले. मी म्हटलं, "उठत नाही. फक्त..." मामंजी शेजारीच खुर्चीवर होते. सांगणार कसं?

आत्याबाईंनी सांगितलं, अगदी सहज. "हे मधनं गेले की उठती. तेवढंच."

"तेवढंच म्हणजे किती वेळा?"

आत्याबाई बोटांवर मोजायला लागल्या. पहाटेचं पाणी, आंघोळ, पूजा, फुलं आणून ठेवायला एकदा, जेवणाआधी हातपाय धुवायला, दुपारी, पोथीला, संध्याकाळी दिवा लावायला. जायचं आणि यायचं वेगळं धरायचं का, असं त्यांनी मधेच विचारलं. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली, आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. काय मोजतोय ते त्यांना मोजतानाच कळलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे या बाईंना विश्रांती मिळालेलीच नाही. प्रत्येक वेळी उठताना त्या डिस्कवर जोर पडला. सहा आठवडे आजपासून मोजायचे. पुन्हा पहिल्यापासून."

बोलायच्या आधी खाकरायची मामंजींना सवय होती. ते खाकरायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. त्यांचं तोंड इतकं उतरलं की मला माझ्या पायापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं. त्यांनी कधी मला उठ म्हटलं नव्हतं. मी अवघडू नये म्हणून तर ते खाकरत होते.

"आणि गादी कुठली घेतली?" डॉक्टरांनी विचारलं.

आत्याबाईंनी तिन्ही गाद्यांची हकिगत सांगितली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "निवडली कुणी?"

"आधी मुलानं. मग मी," मामंजी म्हणाले.

"कशी?"

"हातानं दाबून."

"हात कुणाचा दुखतोय, साहेब?"

मग त्यांनी ते सांगितलं, जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, आणि जे मी तुम्हाला सांगायला हे सगळं लिहायला बसले आहे. गादी सगळ्यांना एकसारखी नसते. जड माणसाला जी बेताची, ती हलक्याला दगड. "दुकानात गादीवर स्वतः पडायचं," ते म्हणाले. "जसं रोज झोपता तसंच. उताणं पडून कमरेखाली हात घालून बघायचा. हात मोकळा फिरला तर गादी कडक. हात शिरलाच नाही, कंबर रुतली, तर मऊ. जरा घासत गेला तर ती तुमची. मग कूस बदलून बघायची. कष्ट पडता कामा नयेत. आणि हे सगळं घाईनं नाही, निदान पंधरा मिनिटं पडून राहायचं."

"दुकानात?" आत्याबाई म्हणाल्या.

"दुकानात."

"बाईमाणसानं?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं बराच वेळ उभे होतो. परक्या गावात, भर बाजारात, परक्या पुरुषांच्या दुकानात मी आडवं पडायचं. तेही मामंजींदेखत. आत्याबाई म्हणाल्या, "मीच पडून बघते की. माझं काय, माझं वय झालं." त्यांचा जीव तुटत होता म्हणून त्या म्हणाल्या, पण त्या अंगानं माझ्या दुप्पट होत्या. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. साडेतीन आठवडे सगळे माझ्यासाठी गादी शोधत होते आणि सगळे दमले होते, आणि मला तर आता मऊ कशाला म्हणतात आणि कडक कशाला तेही कळेनासं झालं होतं.

मामंजींनी छत्री काखेत मारली. "चला," म्हणाले. "दुकान ह्या बाजूला आहे."

दुकानदारानं मामंजींना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. आमच्याच घरचं गिऱ्हाईक, तिसऱ्यांदा. मामंजींनी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. तो माझ्याकडं बघून चुळबुळला. "काका, आमच्याकडं असं कुणी करत नाही. बायामाणसांनी दाबून बघावं, आम्ही सांगतोच की."

"तुमी सांगू नका," मामंजी त्यांच्या कचेरीच्या आवाजात म्हणाले. "ती सांगंल."

मग ते माझ्याकडं पाठ करून दारात गेले. दुकानदाराचं स्टूल दाराच्या मधोमध ठेवलं, रस्त्याकडं तोंड करून बसले आणि छत्री उघडून अशी धरली की बाहेरून आतलं काही दिसू नये. दुकानदारानं दोन गाद्या जमिनीवर टाकल्या, वर धुतलेली चादर अंथरली आणि न सांगताच बाहेर पायरीवर जाऊन बसला. आत आत्याबाई आणि मी.

मी पहिल्या गादीवर पडले. तीच ह्यांची मऊ जात. हात शिरला नाही. दुसरीवर पडले, हात आरपार. आत्याबाई माझ्या चपला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "कसं वाटतंय?" असं दर थोड्या वेळानं विचारत होत्या. मी म्हणायची, "कळत नाही." खरंच कळत नव्हतं. मग कोपऱ्यात कागदात गुंडाळलेली एक चार इंची गादी दिसली. वरून मळकी, कुणी बघावी अशी नव्हतीच. आत्याबाईंनी ती ओढत आणली. मी तिच्यावर उताणी पडले. कमरेखाली हात घातला. घासत गेला. कुशीवर वळले, गुडघा थोडा वर घेतला. वळता आलं, कशाला धरावं लागलं नाही. पंधरा मिनिटं पडायचं म्हणून मी डोळे मिटले.

जाग आली तेव्हा आधी रबराचा वास आला. मग पायाशी कुणीतरी वारा घालतंय असं वाटलं. आत्याबाई पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. दाराच्या दोन फळ्या लावलेल्या होत्या, उरलेल्या फटीत मामंजींची काळी टोपी आणि छत्री दिसत होती. ऊन पार खाली सरकलं होतं. महिन्याभरात मी सलग झोपले नव्हते आणि आता सोलापूरच्या बाजारात, भरदुपारी, मी किती वेळ झोपले होते कुणास ठाऊक.

बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. "काका, दुकान उघडं आहे का?"

"बंद आहे," मामंजी म्हणाले. "आमची सून झोपलीय."

मी उठायला लागले आणि आत्याबाईंनी खांद्यावर हात ठेवला. "पड," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलंय, उठवू नको म्हणून." मी पडले. मामंजींच्या पाठीमागं, चार हातांवर, मी आडवी पडले होते आणि घर काही कोसळलं नव्हतं.

ती गादी एस.टी.च्या टपावर चढली. परतताना मी शेवटच्या बाकावर आडवी झाले. मामंजी सगळ्यांत पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि तुळजापूर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरातला खाकर बंद झाला. मामंजी देवघरात जायला मागच्या बोळातून वळसा घालून परसदारानं जायचे, भर उन्हात, सहा आठवडे. वय सत्तरीला टेकलेलं. मी आत्याबाईंना म्हटलं, त्यांना सांगा ना, मी उठणार नाही, मधनंच जा. आत्याबाई म्हणाल्या, "म्या सांगितलं. ते म्हणाले, तिची सवय मोडंल, माझा भरवसा न्हाई."

गादीवर मी दोन सुती चादरी घालत होते, त्यामुळं घाम कमी झाला. अधूनमधून महबूबचाचा येऊन गादी दाबून पाहायचे, आणि लगेच हात मागं घेऊन म्हणायचे, "चुकलो. तुमीच सांगा, बाईसाब."

कळ आधी टाचेतून गेली, मग पोटरीतून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशीच, खालून वर, जाईल. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी चादर वर केली, वर हो म्हटलं, आणि डावा अंगठा थरथरला. दाण्याएवढा. मला वाटलं भास झाला. पुन्हा केलं. पुन्हा थरथरला. मी कुणालाच हाक मारली नाही, पडल्या पडल्या त्याच्याकडं बघत राहिले.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी "अंगठा वर करा" म्हटलं, तेव्हा दोन्ही वर झाले. डावा जरा वाकडा, पण झाला. ऑपरेशनचं नाव पुन्हा निघालं नाही. शाळा उघडली तेव्हा मी फळ्यापाशी होते. तरटपट्टी मात्र आता चार मुली मिळून गुंडाळतात.

अजूनही गल्लीतली, शाळेतली कुणी ना कुणी येतं आणि विचारतं, "बाई, कंबर धरलीय, फोमची गादी घ्यावी म्हणते, कुठली घेऊ?" इतक्या गाद्यांवरून गेल्यावर मला ते माहीत असेल, असं त्यांना वाटतं. मला नाही माहीत. मऊ म्हणजे किती आणि कडक म्हणजे किती, हे आजही मला दुसऱ्याच्या पाठीवरून सांगता येत नाही. मी एवढंच सांगते की तुम्ही स्वतः जा आणि दुकानात आडवं पडा. जाताना दारात पाठ करून बसेल असं घरातलं एक माणूस मात्र सोबत न्या. मला ते मिळालं होतं.